मांडीवरचं लेकरू

१

विमानात बसायची तालीम पुजानं आठ दिवस घरीच केली. दुपारची कामं आटोपली की ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसायची, जुन्या ओढणीनं स्वतःला खुर्चीशी बांधून घ्यायची आणि पाच महिन्यांच्या मिनाला पदराखाली घ्यायची. तिचा नवरा रणजीत बेंगळुरूला एका कारखान्यात मशीनवर होता. त्यानं मोबाइलवर यादी पाठवली होती. लेकराचा जन्माचा दाखला हातात ठेवायचा. लेकराला वेगळी जागा नसते, ते आईच्या मांडीवर. आणि विमान चढताना-उतरताना त्याला पाजायचं, म्हणजे कानाला दडे बसत नाहीत.

सासू भिकाबाई उंबऱ्यात बसून हे बघायची.

"खुर्ची कवा उडायची गं?"

"उडाली, याडी. आता ढगात हाय."

तांड्यात आईला याडी म्हणतात. रणजीत म्हणायचा म्हणून पुजाही म्हणायची.

तांडा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या अंगाला, सत्तर-ऐंशी घरांचा. रणजीत लेकीच्या बारशाला दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता, तेव्हा ती मुठीएवढी लालबुंद होती. त्यानंतर त्यानं तिला पाहिलं ते मोबाइलवरच. आता त्यानं खोली घेतली होती. उन्हाळा तोंडावर आलेला, रेल्वेत तान्ह्या लेकराचे हाल नकोत म्हणून त्यानं नांदेडहून विमानाचं तिकीट काढलं.

जायच्या दिवशी भिकाबाई सातलाच शेतात गेली. हळद काढणी चालू होती. पण ते निमित्त.

"म्या न्हाई थांबत," ती म्हणाली. "थांबले तर रडंन. जाणाराच्या तोंडावर रडू न्हाई."

तिनं झोपलेल्या नातीच्या कानामागं काजळाची तीट लावली आणि मागं न बघता गेली.

आठला तांड्यातल्या नेमसिंगची भाड्याची जीप दारात आली. पुजाचा सासरा शंकरसिंग पुढं बसला. पुजानं बॅगा मागं टाकल्या आणि लेकराला आणायला घरात गेली. आढ्याला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत मिना झोपली होती. पुजानं तिला उचललं, पिवळ्या टॉवेलात गुंडाळलं, बाहेर येऊन दाराला कडी घातली आणि जीपमध्ये बसली.

एवढंच झालं. पुढं तिनं हे पन्नास वेळा आठवून पाहिलं, आणि दर वेळी एवढंच झालेलं होतं.

२

औंढा गेलं, वसमत गेलं. वाटेत शंकरसिंगनं लेकरू घटकाभर स्वतःच्या मांडीवर घेतलं. मिना जागी होती, पण रडली नाही.

"शहाणी झाली एका दिवसात," तो म्हणाला.

विमानतळाच्या दारात त्यानं सुनेच्या हातात पाण्याची बाटली दिली, दोनदा विचारलं की कागद घेतले का, आणि तिथल्या शिपायानं बाजूला हो म्हणेपर्यंत काचेतून बघत उभा राहिला.

आतलं सगळं पुजाला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. काउंटरवरच्या मुलीनं दाखला पाहिला, लेकराचं नाव तिकिटाशी ताडून घेतलं. पुढं पडद्याआड एका वर्दीतल्या बाईनं पुजाची झडती घेतली आणि टॉवेल जरा बाजूला करून लेकराकडं पाहिलं.

"जागं आहे का हे?"

"जागं हाय."

"मग रडत कसं नाही? इथं आलं की सगळी लेकरं रडतात."

पुजानं टॉवेल सारखा केला. खरं तर तिलाही नवल वाटत होतं. मिना रडकी होती. कुकरच्या शिट्टीला रडायची, अंगणवाडीतल्या बाईचा नुसता आवाज ऐकून रडायची. तिचं रडणं तांड्यातल्या कोणालाही ओळखू यायचं. आधी तीन तुटक हाका, मग एक आवंढा, आणि त्यानंतर लांबलचक सूर. आज सकाळपासून त्यातलं काही नाही. नशीब म्हणायचं, असं पुजानं मनाशी ठरवलं.

बसायच्या हॉलमध्ये तिनं लेकराला पदराखाली घेतलं. लेकरानं तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. पहाटे पाचनंतर मिना प्यालेली नव्हती. भूक नसेल. प्रवासात होतं असं.

३

विमानात पुजाला खिडकीची जागा मिळाली. शेजारी रत्नपाल नावाचे वसमतचे निवृत्त मास्तर होते. लेकीकडं निघाले होते आणि चौथ्यांदा विमानात बसत होते. लेकराचा जादा पट्टा आईच्या पट्ट्यात कसा ओवायचा ते त्यांनी दाखवलं. पुजानं लेकरू खांद्याशी धरलं होतं. दार अजून लागलं नव्हतं, तेवढ्यात फोन वाजला.

भिकाबाई होती.

"पुजा, कुठवर गेलीस?"

"विमानात बसले, याडी. आता सुटंल."

"मंग लेकराला काहून ठेवून गेलीस?"

पुजाला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणल्या?"

"लेकराला. म्या जेवायला घरी आले तं आतून रडणं ऐकू येऊन राहिलं. कडी काढली. एकलीच झोळीत. रडून रडून लाल झाली. असं करावं का गं माणसानं?"

"याडी, मिना माझ्यापाशी हाय."

पलीकडं, भिकाबाईच्या मागं, लेकरू रडत होतं. तीन तुटक हाका, आवंढा, लांब सूर. त्या सुराच्या खाली झोळीचा आकडा लाकडाला घासून कुरकुरत होता. तो आवाज पुजा पाच महिने रात्रंदिवस ऐकत आली होती.

"तुझ्यापाशी हाय?" भिकाबाईनं विचारलं.

"खांद्यावर हाय माझ्या."

"मंग ही कोण हाय?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि पुजानं सांगितलं असतं तर तिनं ते ऐकून घेतलं असतं.

हवाई सुंदरी आली आणि हसून फोन बंद करायला सांगू लागली. पुजानं फोन खाली घेतला. ब्लाउजला ओल आल्याचं तिला तेव्हा कळलं. फोनमधलं रडणं ऐकून तिला पान्हा फुटला होता. खांद्यावरचं लेकरू गप्प होतं. त्याचं डोकं, फोन धरला होता त्याच कानाजवळ टेकलेलं होतं.

४

विमान वर चढलं. पोटात खड्डा पडला, तरी पुजाचं तिकडं लक्ष नव्हतं. पाजायचंही राहून गेलं.

तिनं सरळ विचार करायचं ठरवलं. बारावीला तिला चौऱ्याहत्तर टक्के होते, आणि तांड्यात कोणाचा अर्ज लिहायचा असला की तिच्याकडंच यायचे. शेजारणीनं आपलं लेकरू झोळीत टाकलं असेल. पण बाहेरून कडी होती, आणि तांड्यात एवढं लहान दुसरं लेकरू सध्या नव्हतं. सासूला भास झाला असेल. नात गेल्याच्या दुःखात होतंही तसं. पण सासू बावन्न वर्षांची होती, डोकं ठिकाणावर, शेळ्या चरून आल्या की मोजायच्या आधीच कोणती मागं राहिली ते सांगायची. आणि भास सासूला झाला म्हणावं, तर रडणं पुजानं स्वतः ऐकलं होतं.

मग तिनं लेकरू तपासलं. टॉवेल सोडून मांडीवर आडवं घेतलं आणि एकेक गोष्ट पाहिली. डाव्या गुडघ्यामागं ज्वारीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग होता. मांडीला इंजेक्शनची गाठ होती, आता बसत आलेली. कानामागं काजळ होतं, भिकाबाईच्या बोटाचं, जरा फरकटलेलं. टाळूवर उजव्या बाजूचा भोवरा होता. बोटं वीस होती.

सगळं बरोबर होतं. एक जरी खूण चुकली असती तरी तिला काही ठरवता आलं असतं.

"मिना," ती हळूच म्हणाली. लेकरू हसलं.

मग तिनं मुद्दाम भलतंच नाव घेतलं, "राणी." लेकरू तसंच हसलं.

त्यावरून काही ठरत नव्हतं. पाच महिन्यांचं लेकरू कशालाही हसतं.

रत्नपाल मास्तर वर्तमानपत्र खाली घेऊन बघत होते. "गुणी आहे हो पोरगी," ते म्हणाले. "ती पुढची बघा, विमान सुटल्यापासून आकांत करून राहिली."

तीन रांगा पुढं खरंच एक मूल रडत होतं.

"काका, एक विचारू? हे लेकरू तुमाला कसं वाटतं?"

"कसं म्हणजे?"

"न्हाई, सहज."

मास्तरांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "तुमच्यावर गेलंय," ते म्हणाले. "अगदी तुमच्यावर."

पुजानं टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि ती सकाळकडं वळली. मी घरात गेले. झोळीशी गेले. दोन्ही हात खाली घालून उचललं. इथवर सगळं स्पष्ट होतं. पण झोळीचं लुगडं जुनं, ताणलेलं होतं. लेकरू आत असलं की झोळी गुडघ्यापर्यंत यायची, आणि उचललं की सुटल्यासारखी वर जायची, दर वेळी. आज ती वर गेली होती का? लेकरू घेऊन वळताना आपण झोळीकडं पाहिलं होतं का? पुजानं डोळे मिटून बघायचा प्रयत्न केला. एकदा झोळी वर गेलेली दिसली. दुसऱ्यांदा ती खालीच दिसली, भरलेली, हळूहळू हलत असलेली.

तिनं डोळे उघडले. लेकरू तिच्या तोंडाकडं बघत होतं, जसं कोणतंही लेकरू आईच्या तोंडाकडं बघतं.

५

उतरायची सूचना झाली, तेव्हा पुजाचे कान गच्च झाले. पुढचं मूल जास्तच ओरडू लागलं. मास्तर म्हणाले, "ताई, आता पाजा. उतरतानाच जास्त तकलीफ होती लेकरांना."

पुजा हलली नाही. आपण हात का लावत नाही हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा मांडीवरचं लेकरू रडलं. त्या दिवसातलं त्याचं पहिलं रडणं.

तीन तुटक हाका. आवंढा. मग लांब सूर.

मिनाचंच रडणं होतं. पुजाचा श्वास मोकळा झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिनं पट्टा सैल केला, लेकराला जवळ ओढलं, आणि तोंड तिच्या छातीशी आलं तेव्हा तिला त्या सुराच्या तळाशी आणखी काहीतरी ऐकू आलं. बारीक, कोरडं. थांबून पुन्हा, थांबून पुन्हा.

लेकराच्या घशातून आकडा कुरकुरत होता.

पुजानं मास्तरांकडं पाहिलं. ते पलीकडच्या खिडकीतून खालची घरं बघत होते. पुढचं मूल क्षणभर थांबलं होतं, त्यामुळं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तीन हाका, आवंढा, सूर आणि त्याखाली लाकडावर घासणारं लोखंड. जेवढं फोनमधून आलं होतं तेवढंच, त्याच क्रमानं. संपलं की पहिल्यापासून.

तिला वाटलं, हे खाली ठेवावं. पण विमानात लेकरू खाली ठेवायला जागा नसते. पट्टा तिच्या पट्ट्यात ओवलेला होता.

लेकराचं तोंड उघडं होतं, ओठ कोरडे पडले होते. ते थरथरत होतं. काहीही असो, भूक खरी होती. पुजानं पदर पुढं घेतला. या वेळी लेकरानं तोंड फिरवलं नाही. तिला पान्हा फुटला, मघासारखाच. पान्ह्यावर विसंबून खरी कोणती ते ठरवावं, तर तेही गेलं.

चाकं जमिनीला लागली तरी ते पीत होतं.

६

रणजीत बाहेर लोखंडी कठड्याशी उभा होता. नवा शर्ट घातला होता, त्याच्या खिशावर किमतीचा कागद तसाच राहिला होता. त्यानं आधी बायकोकडं पाहिलं, मग हात पुढं केले, मग हात पँटला पुसले आणि पुन्हा पुढं केले.

लेकरू त्याच्याकडं गेलं. त्याच्या मिशीला हात लावला. रणजीत इतका हरखला, की दोन मिनिटं त्याला बॅगा दिसल्याच नाहीत.

"मोबाइलात वेगळीच दिसायची," तो म्हणाला.

"वेगळी म्हंजे?" पुजानं विचारलं.

"म्हंजे लहान. आता बघ की, केवढी झाली."

पुजानं फोन चालू केला. भिकाबाईचे नऊ कॉल येऊन गेले होते. तिनं आधी सासऱ्याला फोन लावला. शंकरसिंग जीपमध्येच होता, नांदेडात बाजार उरकून, वसमतला चहाला थांबून आता पुढं निघाला होता.

"बापू, सकाळी लेकरू तुमी घेतलं होतं ना मांडीवर?"

"व्हय. धोतर भिजवलं तिनं माझं. अजून वलं हाय. काहून?"

"याडीचा फोन आला होता. त्या म्हणतात, लेकरू घरीच राहिलं."

शंकरसिंग हसला. त्याचं हसणं ऐकून पुजालाही हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"तुझ्या सासूचं काय घेऊन बसली," तो म्हणाला. "नात गेली, घर खायला उठलं असंल. म्या जातो घरी अन् बघतो. पोचलो की फोन करतो."

टॅक्सीत रणजीत लेकराला रस्ता दाखवत होता. हा पूल, ही बस, ते हॉटेल. पुजा खिडकीला डोकं टेकून बसली. धोतर भिजलं होतं. ओलं धोतर ही खरी गोष्ट होती. शंकरसिंग तासा-दीड तासात घरी पोचेल, झोळीत बघेल, आणि सासूला दोन शब्द बोलेल. मग हे सगळं हसण्यावारी जाईल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

खोलीवर पोचून तीन तास झाले, तरी शंकरसिंगचा फोन आला नाही.

७

दिवस मावळायच्या आधी रणजीतनंच घरी व्हिडिओ कॉल लावला. लेकराला मांडीवर घेतलं, मोबाइल समोर धरला.

"याडी, ही बघ तुझी नात. पोचली विमानानं."

पडद्यावर भिकाबाईचा चेहरा आला. ती बघत राहिली. नातीकडं बघून ती नेहमी जीभ टाळूला लावून टकटक करायची. आज केली नाही.

"जेवले का तुमी?" तिनं विचारलं.

"जेवलो. बापू कुठं हाय?"

"हाय की."

तिच्या हातातला मोबाइल जरा कलला. मागं शंकरसिंग खाटेवर बसला होता, भिंतीकडं तोंड करून. एका हातात दोरी होती. तो ती ओढत होता आणि सोडत होता. दोरीचं दुसरं टोक जिथं जात होतं ते पडद्यात अर्धंच दिसत होतं. लुगड्याची कड खाली ताणलेली होती, आणि कडेला धरलेली एक मूठ. दोरी सुटली की मूठ आत जायची. ओढली की बाहेर यायची.

"कोणाचं लेकरू आणलंस गं?" रणजीतनं विचारलं.

मोबाइल सरळ झाला. पुन्हा फक्त भिकाबाईचा चेहरा.

"शेजारचं," ती म्हणाली. ती रणजीतशी बोलत होती, पण बघत होती ते त्याच्या खांद्यामागं उभ्या असलेल्या पुजाकडं.

"द्या इकडं. मला बोलायचं हाय," पुजा म्हणाली. मोबाइल घेऊन ती स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली आणि व्हिडिओ बंद करून फोन कानाला लावला. लेकरू दुसऱ्या खोलीत होतं. तरी तिनं मधलं दार लोटून घेतलं.

"बापू काय म्हणले?"

"काही न्हाई म्हणले. आले, झोळीत बघितलं, धोतर बदललं अन् बसले. तव्हापासून दोरी सोडली न्हाई."

"गुडघ्यामागचा डाग?"

"हाय."

"भोवरा?"

"सगळं हाय, पुजा. म्या काय बघितलं नसंल का? तुझ्याकडं?"

"इकडंबी सगळं हाय."

पलीकडं आकडा कुरकुरत होता.

"ती इथली... काय प्याली का?" पुजानं विचारलं.

"शेळीचं देल्लं. वाटी-चमच्यानं. आधी थुकलं, मंग प्याली. तुझी?"

"पेती."

"मंग पाज." भिकाबाईचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "आपली कोणती ते मला न्हाई सांगता यायचं. अन् तुलाबी न्हाई. पण उपाशी कोणतीच ठेवायची न्हाई. न जाणो."

"शेळीचं देताना निम्मं पाणी घाला," पुजा म्हणाली. "उकळून घ्या अन् कोमट करून द्या. अन् झोपवताना तिला डाव्या कुशीवर ठेवा. उजव्या कुशीवर ठेवलं की दचकती ती."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. मिनाची सवय होती ती. विमानातून आल्यावर मघाशी तिनं हातातल्या लेकराला उजव्या कुशीवर झोपवलं होतं. ते तासभर शांत झोपलं होतं.

"ठेवते," भिकाबाई म्हणाली.

फोन बंद झाला. दारापलीकडून रणजीतची हाक आली. "पुजा, अगं ही रडून राहिली. भूक लागली वाटतं."

पुजानं नळाखाली हात धुतले. पदराला पुसले. बाहेर येऊन तिनं नवऱ्याच्या हातातून लेकरू घेतलं.

"काय म्हणली याडी?"

"काही न्हाई. लेकराची आठवण येऊन राहिली म्हणल्या."

खिडकीशी चटई होती, तिथं ती भिंतीला टेकून बसली. लेकरानं लगेच तोंड लावलं, आणि रडणं थांबलं. रणजीत समोर येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघवत नव्हता, म्हणून पुजानं मान वळवली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. एकेक कपडा निघायचा आणि दोरी थोडी वर यायची.

लेकराचं पोट भरेपर्यंत ती तिकडंच बघत बसली.